दुधाचे दात आणि आईबापांशी बोलणे

(संस्थेच्या पालक व विद्यार्थी मेळाव्यात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे दिलेले भाषण)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी दंतवैद्य नाही. मिलिंद कला महाविद्यालयातून बी.ए. झालेला आणि बँकेत लिपिक म्हणून नोकरी करणारा मी एक साधा माणूस आहे. संयोजकांनी मुलांच्या आरोग्यावर बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, यासाठी एखाद्या डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, डॉक्टरांचे भाषण मागच्या मेळाव्यात झाले, यंदा एका बापाचे ऐकू. म्हणून आज मी बाप या नात्याने आपल्यापुढे उभा आहे आणि लहान मुलांच्या दातांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. शिक्षण, नोकरी, घर असे मोठे प्रश्न समोर असताना हा दातांचा विषय कुठून काढला, असे वाटले असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते.

तेव्हा माझी धाकटी मुलगी चार वर्षांची होती. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली घरमालक, वर आम्ही. मुलगी रात्री दोनदा-तीनदा उठायची आणि रडायची. घरमालकांची सकाळची पाळी असे, त्यांची झोप मोडे, आणि सकाळी जिन्यात ते आम्हाला ऐकवीत. मग आम्ही एक सोपा उपाय काढला. दुधाच्या बाटलीत दोन चमचे साखर घालून ती उशाशी ठेवायची. मुलगी उठली की बाटली तोंडात द्यायची. ती चोखत चोखत झोपायची. घर शांत, घरमालक शांत, आम्हीही शांत. असे तीन वर्षे चालले. तिच्या पुढच्या दातांवर पांढरट पट्टे दिसू लागले, पुढे ते तपकिरी झाले, पुढे दात झिजून ठिकऱ्या उरल्या. आम्ही एकमेकांना म्हणायचो, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.

एका रात्री तिचा गाल सुजला. ताप चढला. लेकरू रात्रभर ओरडत होते. सकाळी आम्ही तिला एका दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले आणि माझ्या पत्नीकडे वळून सगळ्या रुग्णांदेखत म्हणाले, "शिकलेल्या दिसता, आणि मुलीच्या तोंडाची ही अवस्था? कशाला मुले जन्माला घालता?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठ दिवसांनी बोलावले. आम्ही गोळ्या घेतल्या. सूज उतरली. पण आम्ही आठ दिवसांनी गेलो नाही. आठ महिने गेलो नाही. पत्नी म्हणाली, मी पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही. मीही आग्रह केला नाही, कारण बाटलीत साखर घालणारा हात बहुतेक वेळा माझाच होता, आणि बोलणी मात्र तिने खाल्ली होती.

आठ महिन्यांनी दुसरा गाल सुजला. या वेळी आम्ही सरकारी दंत रुग्णालयात गेलो. तिथे शिकाऊ डॉक्टर असलेली एक तरुण मुलगी होती. तिने तपासले, पण एक शब्दही वावगा बोलली नाही. स्टूल ओढून पत्नीसमोर बसली आणि विचारले, "ताई, रात्री बाळ कसं झोपतं?" एवढ्या एका प्रश्नावर माझी पत्नी रडू लागली. मग घरमालक, जिना, बाटली, सगळे बाहेर आले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाटली बंद केली तर रात्री घरात त्रास होतो, ही खरी अडचण आहे. यावर दोन-तीन उपाय मला माहीत आहेत. सांगू का?" तिने सांगितलेल्यांपैकी आम्ही एक निवडला. साखर त्याच दिवशी बंद केली, आणि दर दोन दिवसांनी दूध थोडे कमी, पाणी थोडे जास्त, असे करत गेलो. पंधरा दिवसांत बाटलीत नुसते पाणी राहिले. पाण्यासाठी कोणतेही लेकरू रात्री तीनदा उठत नाही. महिन्याभरात बाटली सुटली. मधे एकदा त्या डॉक्टर मुलीचा फोनही आला होता, "जमतंय ना ताई?"

तोपर्यंत उशीर झाला होता. माझ्या मुलीचे चार दात काढावे लागले, दोन दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवाव्या लागल्या. पहिलीच्या वर्गाच्या फोटोत ती तोंडावर हात धरून उभी आहे. तो फोटो आमच्या घरात आहे. आज ती मोठी आहे, मोकळी हसते, पण तो फोटो मी काढून टाकलेला नाही.

मित्रांनो, हा एका घराचा प्रश्न असता तर मी तो इथे मांडला नसता. २००२-०३ साली भारतीय दंत परिषदेने देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे अंगणवाडीच्या दोन मुलांना हसायला सांगितले तर त्यातल्या एकाचा दात किडलेला. एवढा सर्रास आढळणारा रोग, आणि आपण त्याला रोग मानतच नाही.

आता "दुधाचे दात पडणारच" या वाक्याकडे वळू. वाक्य खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. बाळाला पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला आणखी सात-आठ वर्षे वापरायची असते. तेवढी वर्षे ते भाकरी एका बाजूने चावते, किंवा चावतच नाही. मऊ, गोड, गिळता येईल तेवढेच खाते. रात्री ठणका लागला की झोप नाही, झोप नाही की शाळेत लक्ष नाही. गुरुजी म्हणतात मूल मठ्ठ आहे. खरे म्हणजे त्याची दाढ दुखत असते, आणि सहा वर्षांच्या मुलाला ते नीट सांगताही येत नाही, कारण दुखणे म्हणजे काय आणि न दुखणे म्हणजे काय, यातला फरकच त्याला आठवत नसतो.

शिवाय दुधाची दाढ ही खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. मुळाशी पू झाला तर आतल्या पक्क्या दातालाही इजा पोहोचू शकते. आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणाच्याही जागी येत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात. ती आयुष्यभराची दाढ असते, आणि किडक्या तोंडात आली की तीही लवकर किडते.

मग कीड लागते कशी? आपल्या भाषेत "कीड" हा शब्दच असा आहे की दातात अळी शिरली, असे वाटते. या समजुतीवर पोट भरणारे लोक आजही बाजारात बसतात आणि दातातून किडे काढून दाखवतात. दातात किडा नसतो, तो त्यांच्या हातचलाखीत असतो. खरी गोष्ट अशी. आपल्या तोंडात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या साखरेवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण थरातील क्षार विरघळतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि क्षार परत भरून काढते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. एकदा गोड खाल्ले की सुमारे अर्धा तास ते तासभर दात आम्लात राहतात, असे समजा. मूल दिवसातून दोनदा गोड खात असेल तर लाळेला सवड मिळते. तेच मूल दर तासाला गोळी, बिस्किट, चहा, पेप्सीची कांडी असे काही ना काही तोंडात टाकत असेल, तर दातांना दिवसभर सुटकाच नाही. आणि झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून रात्रीची गोड दुधाची बाटली सर्वांत वाईट.

किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला दातांच्या बाबतीत महत्त्व आहे, ही गोष्ट स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाच्या संस्थेत १९४५ पासून काही वर्षे चाललेल्या प्रयोगातून पुढे आली. जेवणाबरोबर दिलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट गोळ्यांनी दात कितीतरी जास्त किडले. पण हेही सांगितले पाहिजे की तो प्रयोग मतिमंद म्हणून संस्थेत ठेवलेल्या माणसांवर त्यांच्या संमतीशिवाय केला गेला. ज्यांचा आवाज नव्हता त्यांचे दात किडवून हे ज्ञान जगाला मिळाले. निदान ते वाया जाऊ नये.

हे सारे पुस्तकात आहे, भिंतीवरच्या तक्त्यात आहे, आता मोबाईलवरही आहे. तरीही मुलांचे दात किडतात. का? माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. आईबापांना काहीच माहीत नसते असे नाही. गोड खाल्ल्याने दात किडतात, हे कोणाला माहीत नाही? अडचण दुसरीच असते. वाळूजच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेला बाप, चार घरची धुणीभांडी करून आलेली आई, आणि एका खोलीत सहा माणसे. तिथे रडणाऱ्या लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा देणे म्हणजे आळस नव्हे, ती त्या घटकेची सोय असते. आजी नातवाला चहात बुडवून टोस्ट देते, ती माया असते. आमच्या लहानपणी साखर सणालाच दिसायची. ज्यांनी गोड खाण्यासाठी वाट पाहिली, त्यांना लेकराला गोड देताना आनंद होतो. अशा माणसाला "साखर बंद करा" असे सांगितले, की त्याला वाटते, आपल्या मायेलाच नावे ठेवली.

दवाखान्याचेही तसेच. दात दुखला नाही तोवर जायचे नाही, कारण एक दिवस गेला की एका दिवसाची मजुरी गेली. त्यात "दात काढला की डोळ्यांना धक्का बसतो" हा समज. आणि गेलेच, तर आमच्यासारखी बोलणी खाऊन परत यायचे.

मी बँकेत नोकरी करतो, म्हणून माझ्या कामातले एक उदाहरण देतो. कर्ज थकलेला माणूस काउंटरवर आला आणि त्याला दहा लोकांपुढे बोलले, की तो पुन्हा शाखेची पायरी चढत नाही. तो रस्ता बदलून जातो. कर्ज तसेच राहते आणि व्याज वाढत जाते. त्याच माणसाला बाजूला बसवून "यंदा पीक कसे आले, घरात किती माणसे, महिन्याला किती झेपेल?" असे विचारले, की तो स्वतःच आकडा सांगतो, आणि स्वतः सांगितलेला आकडा बहुधा पाळतो. वीस वर्षांत मी हे कितीदा तरी पाहिले आहे. दातांचेही थकीत कर्जासारखेच आहे. लाजेने लपवले की वाढते.

ही केवळ माझी समजूत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे या गावी आपल्या पंजाबातून जाऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांच्या लहान मुलांत दात किडण्याचे प्रमाण फार होते. तेथे वाइनस्टाइन, हॅरिसन आणि बेन्टन या संशोधकांनी सहा ते अठरा महिन्यांच्या २४० बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रक दिले आणि चित्रफीत दाखवली. दुसऱ्या गटालाही तेच दिले, पण त्याशिवाय त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या, त्यांच्याच समाजातील बायका त्यांच्याशी सुमारे पाऊण तास बोलल्या. उपदेश केला नाही. बाळाविषयी त्यांना काय हवे आहे ते विचारले, उपायांची यादी पुढे ठेवली, आणि त्यातले कोणते जमेल ते आईनेच निवडायचे, असे ठरवले. पुढे सहा वेळा फोन करून विचारपूस केली. वर्षभराने तपासणी झाली. नुसत्या माहितीपत्रकाच्या गटात दर मुलामागे सरासरी १.९१ नवीन कीड आढळली, बोलणे झालेल्या गटात ०.७१. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ५२ टक्के मुलांना नवीन कीड लागली होती, दुसऱ्या गटात ३५.२ टक्के. हे निष्कर्ष २००४ आणि २००६ साली प्रसिद्ध झाले.

इतरत्र झालेल्या सगळ्याच प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. बोलणे ही जादू नाही. पण सरेच्या गोष्टीतून मला एक शिकायला मिळाले. माहितीपत्रक दोन्ही गटांकडे होते. फरक पडला तो आपल्यातल्या माणसाने शेजारी बसून ऐकून घेतल्याने, आणि नंतर पुन्हा विचारपूस केल्याने. हे काम करायला दंतवैद्यच पाहिजे असे नाही. आपल्या वस्तीत आपल्यापैकी कोणीही ते करू शकतो.

इथे मला विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. चुल्लवग्गात असे आहे की दात न घासल्याने होणारे पाच तोटे सांगून भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली. डोळ्यांना अहित, तोंडाला दुर्गंधी, जिभेला चव नाही, असे ते तोटे आहेत. पण गोष्ट पुढे आहे. काही भिक्खू लांबलचक दंतकाष्ठे वापरू लागले आणि त्याच काठ्यांनी लहान श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा आठ बोटांपेक्षा लांब दंतकाष्ठ वापरू नये, असा नियम झाला. पुढे एकाने फार आखूड काडी वापरली, ती घशात अडकली, म्हणून चार बोटांपेक्षा आखूड नको, असाही नियम झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीही दात घासायला दिलेल्या काडीची मारायची काठी करणारे लोक होते! आपल्याजवळचे दातांचे ज्ञान आपण कशासाठी वापरतो, काडी म्हणून की काठी म्हणून, हे प्रत्येकाने तपासावे.

आता प्रत्यक्ष बोलायचे कसे? समजा, शेजारच्या ताईंच्या दीड वर्षाच्या मुलाच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत पांढरे पट्टे दिसत आहेत. तुम्ही म्हणालात, "ताई, किती गोड देता हो याला! दात सडले बघा." तर ताई म्हणतील, "आमचं आम्ही बघू." विषय संपला.

त्याऐवजी असे बोलून पाहा.

"ताई, बाळाला किती दात आले?"

"आठ आले. लई लवकर आले."

"छान. दिवसभर काय काय खातं?"

"जेवतच नाही हो. बिस्किट तेवढं खातं. मी कामाला जाते, सासूबाई सांभाळतात. रडलं की त्या पुडा देतात. त्यांना तरी काय बोलावं?"

"खरंय, त्यांचंही वय झालं. तुम्हाला स्वतःला त्याच्या दातांचं काही वाटतं का?"

"माझे सगळे किडले. मला वाटतं, याचे तरी चांगले राहावेत."

पाहा, आता दार उघडले. ही इच्छा आपण त्यांच्यावर लादली नाही, ती त्यांचीच आहे. आता विचारायचे, "काही गोष्टी मला माहीत आहेत, सांगू का?" त्यांनी होय म्हटले तर तीन-चार उपाय सांगायचे आणि म्हणायचे, "यातलं सासूबाईंना न दुखवता काय जमेल?" ताई कदाचित म्हणतील, "बिस्किटाऐवजी मुरमुरे, फुटाण्याचं पीठ नाहीतर केळं ठेवून जाईन." किंवा म्हणतील, "ते नाही जमणार, पण रात्री झोपताना दात पुसून देईन." जे म्हणतील ते मान्य करायचे. एकच गोष्ट, पण त्यांनी निवडलेली. आठ दिवसांनी पुन्हा विचारायचे. जमले नसेल तर रागवायचे नाही, कुठे अडले ते विचारायचे.

पुढे ठेवायच्या उपायांची यादी मी डॉक्टरांकडून समजून घेतली आहे. विद्यार्थ्यांनी ती वहीत लिहून घ्यावी.

१) पहिला दात दिसताच तो स्वच्छ करायला लागावे. सुरुवातीला स्वच्छ ओल्या फडक्याने, मग लहान मऊ ब्रशने. सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे.

२) फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दिसते तेवढी नको. फ्लोराइड दाताचा थर घट्ट करते. मात्र मराठवाड्यातील काही गावांत, उदाहरणार्थ नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आढळते. अशा गावच्या पालकांनी पेस्टविषयी आधी डॉक्टरांना विचारावे.

३) सहा-सात वर्षांपर्यंत दात आईने किंवा बापाने घासून द्यावेत. मुलाच्या हाताला ते कसब आलेले नसते. बापाने, हे मी मुद्दाम म्हणतो.

४) आईचे दूध बंद करू नये, ते अमृत आहे. दात आल्यावर रात्री पाजले तर दात पुसून घ्यावेत एवढेच. बाटली मात्र टाळावी, आणि वर्षाच्या आसपास वाटी किंवा पेल्याने प्यायला शिकवावे. बाटल्यांच्या आणि बाळदुधाच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

५) दोन वर्षांपर्यंत वरची साखर देऊच नये. पुढेही गोड द्यायचे ते जेवणाबरोबर द्यावे, येता-जाता नको. चहा तर लहान मुलाला नकोच. पाहुण्यांनी खाऊ आणला तर तो जेवणानंतर द्यावा, म्हणजे पाहुणाही रागावत नाही.

६) मशेरी, तंबाखूची पूड मुलाच्या हिरडीला कधीही लावू नये. दात येताना दुखते म्हणून काही घरांत लावतात. त्याने दात वाचत नाहीत, व्यसन मात्र लागते.

७) महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून उजेडात पाहावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची पहिली खूण असते. त्या वेळी गेलात तर दात कोरावाही लागत नाही. फ्लोराइडचा लेप लावून कीड थांबवता येते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे एक औषधही आहे. त्याने किडलेली जागा काळी पडते, पण कीड थांबते, इंजेक्शन किंवा यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. डॉक्टरांना त्याविषयी विचारायला संकोच करू नये.

पैशांचा प्रश्न येतो. आपल्या शहरात घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८२ पासून आहे. लहान मुलांच्या दातांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. शिवाय २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यानुसार डॉक्टरांच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करायची असते, आणि त्यात दातांचे आजारही धरले आहेत. आपल्या अंगणवाडीत पथक कधी येते, ते ताईंना विचारा. तपासणीच्या दिवशी आईबापांपैकी एकाने तिथे हजर राहा. दात किडल्याची चिठ्ठी मिळाली तर ती डब्यात ठेवून देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. मला तुमच्याकडून शिबिर नको, फलक नको, फोटो नको. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील पाच घरे घ्यावीत, ज्या घरी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल आहे. घरी जाताना तपासणीस म्हणून जाऊ नका, शेजारी म्हणून जा. मुलाच्या तोंडाचा फोटो काढून मोबाईलवर कोणाला पाठवू नका. आजी घरात असेल तर आधी तिच्याशी बोला, कारण दिवसभर मूल तिच्याजवळ असते. बाप घरी असेल तर त्याला बाहेर जाऊ देऊ नका, त्यालाही बसवा. औषध सांगू नका, ते डॉक्टरांचे काम. गाल सुजला असेल, ताप असेल तर गप्पा मारत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा. आणि लागला तर एक दिवस त्या आईबरोबर रुग्णालयात जा. केसपेपर कुठे काढायचा, रांग कोणती, एवढे दाखवणारे कोणी सोबत असले तर अर्धी भीती कमी होते. आपल्या संस्थेत शंभर विद्यार्थी असतील तर पाचशे घरे होतात. वर्षभरात यातून काय होईल ते मी सांगत नाही. पुढच्या मेळाव्यात तुम्हीच उभे राहून सांगा.

शेवटी एवढेच. परवा ही भाषणाची टाचणे काढत असताना माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने वाचून विचारले, "पप्पा, माझा फोटो पण सांगणार का?" मी म्हणालो, "तुझी परवानगी असेल तर." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सांगा. पण मम्मीची चूक होती असं नका सांगू." म्हणून सर्वांसमोर सांगतो, तिच्या आईची चूक नव्हती. बाटलीत साखर मी घालत होतो, आणि आम्हाला दोघांना वेळेवर शेजारी बसून विचारणारे कोणी भेटले नाही. तुमच्या गल्लीतल्या आईबापांना ते माणूस वेळेवर भेटावे, एवढीच विनंती करतो.